पहारेकऱ्यांची खोली

दुकानात सोफा आला की मामा लगेच हत्यार हातात घेत नाहीत. आधी त्याच्याकडे बघत उभे राहतात. खळगा कुठे पडलाय, कुठलं हँडल घामाने काळं झालंय, मांजर कुठल्या कोपऱ्यात झोपतं, हे सगळं बघून झालं की कापड उसवतात, जुना फोम उपसून काढतात, सैल पडलेले पट्टे ताणून पुन्हा ठोकतात. आत सापडलेल्या वस्तू गिऱ्हाइकाला परत करतात. कंगवे, पेनांची टोपणं, एकदा चष्मा, एकदा कवळी. कवळीवर कुणी हक्क सांगितला नाही. ती दुकानातल्या डब्यात अजून आहे.

मामा पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत, कमी बोलणारे. तोंडात बारीक खिळे धरून काम करायची सवय लागली की माणसाचं बोलणं आपोआप कमी होतं, असं त्यांचं स्वतःचं स्पष्टीकरण आहे. त्यांना मामा म्हणणारी आता शे-दोनशे माणसं आहेत. त्यातली खरी भाची एकच. बाकीची सगळी एका व्हिडिओ गेममुळे जोडली गेली आहेत.

घर दुकानाच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. एक बैठकीची खोली आणि झोपायच्या दोन. यातल्या मागच्या खोलीत वीसेक वर्षांपूर्वी एक भाडेकरू आले. ते पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायचे, अजूनही शिकवतात. सगळे त्यांना कोच म्हणतात. तलावामागच्या त्यांच्या खोलीचं छत गळायला लागलं होतं, म्हणून महिन्याभरापुरती जागा हवी होती. महिना संपला, छत दुरुस्त झालं, कोच परत गेले नाहीत. दोघांचं काय ते तोवर दोघांना कळलं होतं. शेजारी विचारायचे तेव्हा मामा सांगायचे, "भाडेकरू आहेत." पहिल्या महिन्यात ते खरं होतं. पुढे खरं राहिलं नाही, पण वाक्य तेच राहिलं.

एकदा असं सांगितलं की त्याच्या मागून बरंच काही करावं लागतं. मागच्या खोलीत एक खाट ठेवावी लागली. त्या खाटेसाठी मामांनी स्वतःच्या हाताने गादी केली, आणि हात आखडता घेणं त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे ती घरातली सर्वांत चांगली गादी झाली. तिच्यावर कधी कुणी झोपलं नाही. कोचची शिट्टी मात्र त्या खोलीच्या दाराला लटकायची. पाहुणे आले की दिसावी म्हणून.

भाची शिकायला या शहरात आली आणि ती खोली तिला मिळाली. कोचचं सामान मामांच्या खोलीत हलवण्याचा एक छोटासा कार्यक्रम झाला. सामान होतं एक पेटी, आणि तीही रिकामी. चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना भाची म्हणाली, "मामा, ही गादी कुणी वापरलेलीच नाहीये. मधे खळगा नाही."

"कोच हलका झोपतो," मामा म्हणाले.

"कोच नव्वद किलोचे आहेत."

कोचनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

"अकरा वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे," भाची म्हणाली. "आईलापण."

"आईलापण?"

"आई म्हणते, त्याला सांगायचं असेल तेव्हा सांगेल, तोवर भाडेकरू तर भाडेकरू."

मामा उठले आणि त्यांनी दुसऱ्यांदा चहा टाकला. कुणालाही नको होता. वर्तमानपत्रामागून कोच म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी."

घरातला प्रश्न असा मिटला. बाहेर ते जुनं वाक्य तसंच चालू राहिलं. कोचकडे रोज पन्नास-साठ मुलं पोहायला येतात, त्यांचे आईबाप काठावर बाकांवर बसलेले असतात. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली तर काम जाईल, ही भीती कोचना होती, आणि ती अगदीच उगाच नव्हती. दुसऱ्या एका तलावावरच्या शिक्षकाला तसं जाताना त्यांनी पाहिलं होतं.

गेम घरात आला तो भाचीच्या लॅपटॉपमधून. त्याच सुमारास मामांच्या अंगठ्यात स्टेपल गनची पिन आरपार गेली आणि डॉक्टरांनी हाताला पट्टी बांधून त्यांना घरी बसवलं. भाची लॅपटॉप टीव्हीला जोडून खेळायची, मामा बाजूला बसून बघायचे. गेममध्ये तटबंदी असलेलं एक लहान गाव आहे. खेळणारा तिथे व्यापारी म्हणून येतो. माल आणायचा, विकायचा, श्रीमंत व्हायचं. गावात राणी आहे, लोहार आहे, विहीर आहे. वेशीवर भाले घेतलेले दोन पहारेकरी उभे असतात, एक उंच आणि एक बुटका. त्यांना नावं नाहीत. दोघांच्या वाट्याला मिळून तीन वाक्यं आहेत: "थांबा, कोण आहे?", "पुढे जा" आणि "थंडी वाढली." संध्याकाळी घंटा वाजते आणि गावातला प्रत्येक जण आपापल्या घरी जातो.

मामांनी चार संध्याकाळी हे बघितलं. पाचव्या संध्याकाळी विचारलं, "हे दोघं एकाच घरात जातात?"

"हो. तो बग आहे. म्हणजे चूक आहे," भाचीने सांगितलं. गेममधल्या प्रत्येक माणसाला एक घर नेमून दिलेलं असतं. बनवणाऱ्यांनी या दोघांना चुकून एकच घर दिलं.

"कुणी सांगितलं चूक म्हणून?"

"आत एकच खाट आहे, मामा."

 पट्टी सुटल्यावर मामा स्वतः खेळायला शिकले. शिकले म्हणजे, व्यापाऱ्याला त्या खोलीसमोरच्या बाकावर नेऊन बसवायला शिकले. घंटा वाजायची, दोघं भाले खांद्यावर टाकून यायचे, विहिरीला वळसा घालून उजवीकडे वळायचे, दार लागायचं, खिडकीत दिवा लागायचा. तेवढं बघून मामा टीव्ही बंद करायचे. त्यांच्या व्यापाऱ्याने आजतागायत काही विकलेलं नाही. भाचीच्या मते त्या गावात इतका कंगाल व्यापारी दुसरा झाला नसेल.

खोलीकडे लक्ष गेलेले मामा पहिले नव्हते. या गेमच्या चाहत्यांचा मोठा गोतावळा आहे, आणि त्यात दोन पक्ष आहेत. चूकवाले म्हणतात, चूक ती चूकच. घरवाले म्हणतात, ते दोघं जोडपं आहेत, आणि बनवणाऱ्यांच्या मनात काय होतं याच्याशी आम्हाला घेणं नाही. घरवाल्यांनी या दोन बिननावाच्या माणसांवर गोष्टी लिहिल्या, चित्रं काढली, गाणी बांधली. लिहिणाऱ्यांत बहुतेक बायका. एक दाताच्या डॉक्टर, एक दोन मुलांची आई, आणि सगळ्यांत जास्त लिहिणाऱ्या एका बालवाडीच्या बाई. मामांना याची गंमत वाटायची. "आमच्याबद्दल सगळं बायकाच लिहितात," ते म्हणायचे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ही मंडळी फोनवर एकत्र जमायची आणि नवी गोष्ट वाचून दाखवायची. एकदा बालवाडीच्या बाई वाचत होत्या. त्यांचा उंच पहारेकरी बुटक्याला म्हणत होता, "तुझ्या श्वासात मला वेशीबाहेरचं रान ऐकू येतं."

मामा कुशन शिवत होते. त्यांची सुई थांबली. "दिवसभर भाला धरून उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर हे बोलेल?"

"मग काय बोलेल, मामा?" बाईंनी विचारलं.

"पाय दुखतायत म्हणेल. आणि गादी उन्हातून आत घेतली का, ते विचारेल."

"तुमच्या घरी तसं असेल. आमच्या गोष्टीत माणसं एकमेकांशी गोड बोलतात."

फोनवर हशा पिकला. वर्तमानपत्रामागे कोचही हसले, आवाज न करता. नव्वद किलोचा माणूस असं हसला की सोफा हलतो. बाईंनी पुढच्या भागात गादीवरून झालेलं भांडण घातलं आणि तो भाग सर्वांत जास्त वाचला गेला. पण श्वासाचं वाक्यही त्यांनी ठेवलंच. "ते काढणार नाही," त्या म्हणाल्या. मामांनी जास्त ताणलं नाही.

मामांचा वाटा लिहिण्यात नव्हता. त्यांनी बाहुल्या केल्या. दुकानात रेक्झीनचे, मखमलीचे तुकडे पडलेले असतातच. त्यांतून वीतभर उंचीचे दोन पहारेकरी शिवले, पोटात फोम, भाल्याला सायकलची तार. मागणारे वाढले तशा जोड्या वाढल्या. नियम एकच. जोडी तोडून मिळणार नाही.

वर्षातून एकदा एका सभागृहात चाहत्यांचा मेळा भरतो. लोक गेममधली माणसं होऊन येतात. तिथली एक रीत आहे: जो ज्या वेशात असेल त्याला त्याच नावाने हाक मारायची, वेशाच्या आत कोण आहे याची चौकशी करायची नाही. एका बँकेतले साहेब दरवर्षी राणी होऊन येतात. झुपकेदार मिशी, वर मुकुट, जांभळा पायघोळ झगा. त्यांची बायको भाला घेऊन राणीची अंगरक्षक म्हणून मागे चालते आणि झग्याचा घोळ सांभाळते. बालवाडीच्या बाई लोहार होतात, लोकरीची दाढी लावून. दाढी सुटते, चिलखत उसवतं, मुकुट वाकतो. म्हणून दाराजवळ दुरुस्तीचं टेबल असतं, आणि सलग पाच वर्षं त्या टेबलामागे मामा बसतात. वाकडी सुई, गोंद, पक्कड आणि बाहुल्यांचं खोकं एवढा त्यांचा संसार. दुसऱ्या वर्षी घरी येऊन सांगताना ते म्हणाले होते, "तिथे मला कुणी विचारत नाही, घरी कोण कोण असतं." त्यांच्या तोंडून एवढं मोठं कौतुक निघाल्याचं भाचीला आठवत नाही.

कोच कधी गेले नाहीत. "मला शंभर फुटांवरच्या पोराला ओरडायची सवय. तिथे जाऊन काय करू?" हे त्यांचं कारण. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं.

आणि मग गेमची नवी आवृत्ती आली. सोबत काय काय सुधारलं ते दिलं होतं. पुलाचा कठडा, घोड्याची चाल, आणि मधेच एक ओळ: पहारेकऱ्यांच्या घरांची चूक दुरुस्त केली.

भाचीने वाचून दाखवलं. मामांना पटेना. त्यांनी व्यापाऱ्याला बाकावर बसवलं. घंटा वाजली. दोघं भाले खांद्यावर टाकून आले. विहिरीपाशी उंच पहारेकरी उजवीकडे वळला आणि बुटका डावीकडे. तिकडे चांभारवाड्याच्या टोकाला त्याच्यासाठी नवी खोली बांधली होती. नीटनेटकी, स्वतंत्र, एका खाटेची. मामांनी टीव्ही बंद केला आणि खाली दुकानात गेले. तिथे काही काम नव्हतं.

जेवताना कोचनी विचारलं, "काय झालंय? कोण गेलं?"

"कुणी नाही," मामा म्हणाले. "बुटका वेगळा राहायला गेला."

कोच खो-खो हसले. मामा हसले नाहीत. ते ताटातलं तसंच टाकून उठले, तेव्हा कोचचं हसू बंद पडलं. दुसऱ्या दिवशी तलावावरून आले ते ओला टॉवेल खांद्यावर तसाच घेऊन टीव्हीसमोर बसले. "दाखव गं मला ते," त्यांनी भाचीला सांगितलं. घंटा वाजली, दोघं आले, विहिरीपाशी फुटले.

"अरे, तिकडे कुठे? घर इकडे आहे!" कोच ओरडले. पोहताना रांग सोडणाऱ्या मुलाला ओरडतात तसे. "ए बुटक्या!"

"त्याला ऐकू जात नाही, कोच," भाची म्हणाली.

"हे कुणी केलं?"

"बनवणाऱ्यांनी. चारच माणसं आहेत ती. त्यांतली एक या वेळी मेळ्याला येणार आहे. प्रश्न विचारता येतील म्हणे."

गोतावळ्यात तोवर रणधुमाळी माजली होती. चूकवाले खुशीत होते. घरवाल्यांत कुणी फलक रंगवायचं म्हणत होतं, कुणी सभागृहातून उठून जायचं. बालवाडीच्या बाईंनी वेगळं सुचवलं. "एकानेच विचारायचं, आणि मामांनीच विचारायचं. आपण सगळ्यांनी कल्पनेने लिहिलंय. मामा स्वतः तसे राहतात." फोनवर एवढं म्हणून त्या थबकल्या, कारण हे मामांनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.  मग मामा म्हणाले, "विचारतो."

त्यांना ती खोली परत हवी होती. ती लटकी खोली होती, चार रेषांची, आणि तिच्यात राहणारे दोघे तीन वाक्यांचे होते, हे त्यांना पुरेपूर माहीत होतं. तरी हवी होती. त्यासाठी ते आठवडाभर एक वाक्य पाठ करत राहिले. सोफ्यात खिळे ठोकता ठोकता मान हलवून ते म्हणून बघायचे. वाक्य साधंच होतं: त्या दोघांना पुन्हा एकत्र राहू द्याल का?

मेळ्याच्या दिवशी कोच म्हणाले, "खोकं जड आहे, स्कूटरवरून सोडतो." सभागृहाच्या दारात म्हणाले, "आत ठेवून देतो." टेबलाशी आल्यावर म्हणाले, "अरे, हे चिलखत धरायला कुणी नाही का तुला?" आणि धरून उभे राहिले.

राणीसाहेब आल्या. झगा काखेत उसवला होता. मामांनी वाकडी सुई ओवली. कोच मिशीकडे बघत राहिले, मग न राहवून म्हणाले, "तुम्ही बँकेत यातच जाता?"

"कामाच्या दिवशी मुकुट घरी ठेवते," राणीसाहेब म्हणाल्या.

"आणि झगा?"

"तो इस्त्रीला असतो," मागून अंगरक्षक बायको म्हणाली. "हात वर करा, राणीसाहेब, मामांना दिसत नाहीये."

कोचनी त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पुढे दुपारभर ते चिलखतं धरत होते, दाढ्या चिकटवत होते, आणि रांग वाकडी झाली की तलावावरच्या आवाजात सरळ करत होते. मेळ्यात ध्वनिक्षेपकाची गरज काय, असं संयोजकांना वाटून गेलं.

संध्याकाळी गेम बनवणाऱ्या बाई मंचावर आल्या. तिशीच्या, साधा स्वेटर, सर्दी झालेली. प्रश्नांची वेळ झाली आणि मामा माइकपाशी गेले. सभागृह गच्च भरलेलं. मामांनी तोंड उघडलं.

"मी सोफे दुरुस्त करतो," ते म्हणाले.

पुढचं वाक्य आलंच नाही. आठवडाभर घोटलेलं वाक्य ऐन वेळी तोंडातून बाहेर पडेना. "ते दोघं," मामा म्हणाले. "ती खोली."

मंचावरच्या बाईंना कळलं. "पहारेकऱ्यांची ना? त्यावर खूप लोकांनी लिहिलंय आम्हाला." त्यांनी नाक पुसलं. "खरं सांगते. ती चूक माझीच होती. घरं नेमून देताना मी एकच क्रमांक दोनदा टाकला. मग कुणीतरी लक्षात आणून दिलं की दोन माणसांना एकच खाट आहे. मला फार लाज वाटली. म्हणून मी दुरुस्त केलं. त्यात आणखी काही नाही."

मागे चूकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी मान डोलावली. उत्तर सरळ होतं, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ते माइकपासून मागे सरकले.

"पण राहत होते ना?"

हा आवाज दाराजवळच्या टेबलाकडून आला, माइकशिवाय, आणि शेवटच्या रांगेपासून मंचापर्यंत लख्ख ऐकू गेला. सगळ्यांनी माना वळवल्या. कोच उभे होते, एका हातात राणीचा मुकुट, दुसऱ्या हातात पक्कड.

"म्हणजे?" मंचावरून विचारणा झाली.

"एका घरात राहत होते ना इतकी वर्षं?"

"हो. गेम आल्यापासून. पण ते चुकून."

"चुकूनच असणार," कोच म्हणाले. "आमचंही चुकूनच झालं. मी महिन्याभरासाठी खोली बघायला आलो होतो. हा माइकपाशी उभा आहे ना, याच्याकडे. वीस वर्षं झाली. आम्हाला अजून कुणी दुरुस्त केलेलं नाही."

 मग लोहाराच्या वेशातल्या बालवाडीच्या बाईंनी हातोडा टेबलावर आपटला, आणि पाठोपाठ सगळं सभागृह हसण्या-ओरडण्याने दणाणून गेलं. लोक खुर्च्यांवर चढले. चूकवाल्यांतलेही बरेच जण टाळ्या वाजवत होते. आपण कशासाठी वाजवतोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, पण त्यांनी थांबवल्या नाहीत. मामांचे कान लाल झाले होते. भाची हसत होती की रडत होती हे तिचं तिलाच सांगता येणार नाही.

मंचावरच्या बाई हसता हसता खाली पायरीवर बसल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "पण मग त्या एका खाटेचं काय करू? मला खरंच प्रश्न पडलाय."

आणि इथे मामांना वाचा फुटली. ते पुन्हा माइकपाशी गेले. "खाट तीन फुटी आहे तुमची. चार फुटी करा, भिंतीला जागा आहे, मी बघितलीय. पट्टे कापडी घ्या, काथ्याने पाठ धरते. भिंतीकडची बाजू उंचाला द्या. बुटका आधी उठत असणार, त्याला दाराकडे झोपू दे. आणि गादी एकच करा, दोन जोडू नका. मधे फट पडते."

बाई खरोखरच लिहून घेत होत्या.

परत येताना दोघं स्कूटरवर होते. चौकात दिवा लाल झाला तेव्हा कोच मागे न बघता म्हणाले, "तुझ्या श्वासात मला वेशीबाहेरचं रान ऐकू येतं."

"गादी आत घेतली का?" मामांनी विचारलं.

"नाही. विसरलो."

"तरी मी सांगून गेलो होतो."

कुणीतरी हे सगळं फोनवर टिपलं होतं, आणि ते पसरायचं तसं पसरलं. तलावावर एका कुटुंबाने मुलाचं नाव काढून घेतलं. व्यवस्थापकांनी कोचना बोलावलं. कोच कपडे बदलून, भांग पाडून गेले. सकाळच्या तुकडीत जागा रिकामी झालीय, तिथे माझ्या पुतण्याला घ्याल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. काठावरच्या बाकांवर कुजबुज झाली. काही दिवस चालली, मग पोरांच्या परीक्षा आल्या. पोरांनी मात्र ते एक वाक्य उचललं. कोच कुणाचे हात सुधारायला लागले की पाण्यातून ओरड व्हायची, "आम्हाला दुरुस्त करू नका!" कोच शिट्टी मारायचे आणि दुरुस्त करायचेच.

दीडेक महिन्याने गेमची पुढची आवृत्ती आली. काय बदललं त्यात लिहिलं होतं: पहारेकऱ्यांचं घर पूर्ववत. खाट रुंद केली. सर्दी झालेली असताना मिळालेल्या सल्ल्याबद्दल आभार.

तिघं टीव्हीसमोर बसले. सोफा तोच, मधे एकमेकांत मिसळलेले दोन खळगे असलेला. घरचा म्हणून मामा त्याला कधी हात लावत नाहीत. मामांनी व्यापाऱ्याला बाकावर नेलं. घंटा वाजली. दोघं आले. विहिरीपाशी बुटका क्षणभर थांबला, म्हणजे गेम जरासा अडखळला, आणि मामा सोफ्याच्या कडेला सरकले. मग बुटका उजवीकडे वळला. दार लागलं, दिवा लागला.

कोचनी दारावरची शिट्टी उचलली आणि फुंकली. पूर्ण ताकदीने, शर्यत संपल्यावर फुंकतात तशी.

भाचीने तेवढ्यात व्यापाऱ्याला चांभारवाड्याकडे पिटाळलं. बुटक्यासाठी बांधलेली खोली तिथेच होती. पाडायचा कंटाळा केला असावा. दाराला कुलूप आणि वर एक पाटी: जागा भाड्याने देणे आहे. भाची ते वाचून दाखवत होती तेव्हाच घरची घंटा वाजली.

दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. वय सत्तरीपुढे, हातात चष्मा, चेहऱ्यावर आठ्या.

"ही शिट्टी कसली हो घरात? माझ्या हातातली बशी पडली. तुमच्या भाडेकरूंना जरा सांगा की."

मामांच्या मागे कोच येऊन उभे राहिले, शिट्टी अजून तोंडातच. मामांनी त्यांच्याकडे बघितलं, मग काकूंकडे.

"ते भाडेकरू नाहीत, काकू," मामा म्हणाले. "घरचेच आहेत."

काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दोघांकडे नीट बघून घेतलं.

"ते मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "शिट्टीचं काय ते बोला."